मुहूर्त नसलेल्या दिवसांतले फोटो

आषाढी एकादशी झाली की आमच्या धंद्याला कुलूप लागतं. चिपळूणला माझा फोटो स्टुडिओ आहे. सव्वीस वर्षं लग्नं, मुंजी, बारशी काढतोय. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, मदतनीस पोरगा भातलावणीला गावी जातो आणि फ्लॅश कपाटात पडून असतात. अशाच एका रिकाम्या श्रावणात, दिवसभरात दोन पासपोर्ट फोटो सोडले तर कुणी फिरकलं नव्हतं तेव्हा, मागच्या अळूच्या पानावर बसलेल्या चतुराकडे मी लग्नाचाच कॅमेरा वळवला. तेव्हापासून माझा खरा सीझन पावसाळा.

गेल्या अंकात संपादकांनी माझे चार फोटो छापले आणि खाली ‘किड्यांच्या फोटोंबद्दल विचारा’ अशी चौकट टाकली. एकेचाळीस पत्रं आली. त्यातल्या निम्म्यांना कॅमेरा कोणता घ्यावा एवढंच हवंय. त्यांनी पहिला प्रश्न वाचावा.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्याकडे बारा हजारांचा मोबाइल आहे. त्यात ‘मॅक्रो’ नावाचा कॅमेरा आहे, पण फोटो धुरकट येतात. बाबा म्हणतात, कॅमेरा नोकरी लागल्यावर घे. तोवर काय करू? (एक विद्यार्थी, सातारा)

बाबांचं ऐक. आणि मोबाइलमधला तो मॅक्रो, म्हणजे अगदी जवळच्या बारीक वस्तूंसाठीचा, कॅमेरा विसरून जा. स्वस्त फोनमधला मॅक्रो बहुधा दोन मेगापिक्सेलचा असतो आणि त्याचा फोकस चारेक सेंटिमीटरवर कायमचा अडकवलेला असतो. किडा तीन सेंटिमीटरवर असला तरी धूसर, पाचवर असला तरी धूसर. जाहिरातीत कॅमेऱ्यांची संख्या वाढावी म्हणून तो बसवलेला असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुझ्या फोनचा मुख्य कॅमेरा त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, फक्त त्याला जवळचं दिसत नाही. म्हणून त्याला चष्मा लाव. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग बघितलं असशील. दहा पटीचं तसं भिंग मुख्य कॅमेऱ्यावर बरोबर मध्ये धरलं की साधारण अडीच सेंटिमीटरवरचं लख्ख दिसायला लागतं. चिमट्याने फोनला लावायच्या लेन्स मिळतात, त्यांचंही तत्त्व हेच. कडा थोड्या वाकड्या येतात, त्या नंतर कापून टाक.

आता राहिला प्रश्न अडीच सेंटिमीटरपर्यंत कोण जवळ येऊ देणार याचा. फुलपाखरू देणार नाही. मुंगी थांबणार नाही. तू शनिवारी मारुतीला वाहतात ती रुई शोध. साताऱ्यात रस्त्याकडेला हवी तेवढी असेल. तिच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडेल, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगर फुलपाखराची अळी. रुईचा विषारी चीक पचवून ती स्वतःच कडू झालेली असते, म्हणून ती कुणाला भीत नाही. तू फोन नाकाला लावलास तरी पान कुरतडणं थांबवणार नाही. शिकाऊ माणसाला याहून सोयीची मॉडेल मी पाहिलेली नाही. एक वहीचा पांढरा कागद सावलीच्या बाजूने अळीजवळ धर, काळोखी बाजू उजळेल. पान हलत असेल तर डाव्या हाताने देठ पकड आणि फोनची कड त्याच मनगटावर टेकव. म्हणजे हलले तर दोघं एकत्र हलतील. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस, हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नकोस.

शंभर फोटो काढ. मला एकच पाठव, ज्यात अळीचं तोंड आणि पानाची कुरतडलेली कड दोन्ही स्पष्ट दिसतात.

प्रश्न : आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत कुंड्यांत कढीपत्ता आणि लिंबू आहे, बाकी काही नाही. बाहेर जाणं जमत नाही. इथे काय फोटो मिळणार? शिवाय लिंबाच्या पानांवर पक्ष्यांची घाण पडते, ती धुऊन काढावी लागते. (एक गृहिणी, डोंबिवली)

ताई, ती घाण धुऊ नका! म्हणजे धुण्याआधी भिंगातून बघा. पक्ष्याची शिट म्हणून तुम्ही जे धुता त्यातली निम्मी तरी अळ्या असणार, अशी माझी दाट शंका आहे.

लाइम आणि कॉमन मॉर्मन ही दोन फुलपाखरं लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. कढीपत्ताही त्याच कुळातला. चार मजले चढून यायला त्यांना काही वाटत नाही. कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं पिवळसर गोल अंडं एकेकटं चिकटवलेलं असतं. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते आणि पहिले काही दिवस ती हुबेहूब शिटेसारखी दिसते. काळपट तपकिरी अंग, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. बुलबुलाने बघितलं तरी तोंड फिरवावं अशी. मग शेवटची कात टाकते आणि एकदम हिरवीगार होते, पानात मिसळून जाते. तुम्हाला वाटतं अळी गेली. ती तिथेच असते, पानाच्या मधल्या शिरेवर लांबट पसरलेली.

हिरवी झाल्यावर तिला कुणी छेडलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल, सापाच्या जिभेसारखी दुभंगलेली शिंगं बाहेर येतात आणि आंबट उग्र वास सुटतो. त्याचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. मीही पहिल्या वर्षी काडीने टोचून टोचून ती शिंगं काढायला लावली. पाचव्या-सहाव्या वेळी अळीने प्रतिसाद देणं सोडलं आणि दोन दिवस धड खाल्लं नाही. आता मी टोचत नाही. झाडाला पाणी घालताना एखादा थेंब पडला की कधी कधी ती आपणहून शिंगं काढते, तेव्हा कॅमेरा हातात असला तर असला.

तुमच्या गॅलरीत मिळणारा खरा फोटो पुढे आहे. दोनेक आठवड्यांनी अळी खाणं सोडून भटकायला लागते. ग्रिलवर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर, कुठेही जाईल. जागा ठरली की शेपटीकडून रेशमाने चिकटते आणि कमरेभोवती एक धागा घेते, अगदी करगोटा बांधल्यासारखा. दुसऱ्या दिवशी कोष तयार. हिरव्या देठावर असेल तर हिरवा, वाळक्या काठीवर असेल तर तपकिरी. पुढे आठ-दहा दिवस काहीच घडत नाही आणि घरातली मंडळी तुम्हाला वेड्यात काढतात. मग एका संध्याकाळी कोष काळसर पडतो आणि कातडीतून पंखांवरचे ठिपके दिसायला लागतात. त्या रात्री गजर लावून झोपा. फुलपाखरू बहुतेक सकाळीच बाहेर पडतं. कोष फाटण्यापासून ते पूर्ण बाहेर येईपर्यंत जेमतेम दोन-तीन मिनिटं, दूध उतू जायला लागतात तेवढीच. पण नंतर चुरगळलेले पंख उलगडून सरळ व्हायला पंधरा-वीस मिनिटं आणि वाळायला तास-दीड तास, तेवढा वेळ ते जागचं हलत नाही. चहा घेऊन बसा.

कोषाला बारीक गोल भोकं पडलेली दिसली आणि फुलपाखरू आलंच नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. अळीत किंवा कोषात अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या असतात, त्यांचा तो संसार होता. तोही फोटो काढा.

आणि औषध फवारायचा विषय घरात निघाला तर म्हणावं, कढीपत्ता आपण फोडणीत घालतो.

प्रश्न : १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आणि सोबत लेन्सभोवती गोल बसणारा रिंग लाइट घेतला. खर्च बराच झाला. तरी दहातले नऊ फोटो अर्धवट शार्प : डोळा शार्प तर पाय धूसर, पाय शार्प तर डोळा गेला. लेन्स सदोष आहे का? दुकानदार दाद देत नाही. (एक वाचक, पुणे)

लेन्स ठीक असावी. दुकानदाराला उगाच बोल लावू नका.

कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पूर्ण आकाराच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. तुमची लेन्स सगळ्यात जवळ नेली की ३६ मिलिमीटरची वस्तू फोटोची पूर्ण चौकट भरते. याला एकास एक म्हणतात. आता त्या अंतरावर एफ ८ ठेवलंत (एफचा आकडा जेवढा मोठा, लेन्सचं छिद्र तेवढं बारीक) तर जेवढी जाडी शार्प येते ती साधारण एक मिलिमीटर. एफ ११ केलंत तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास. राईच्या दाण्याएवढी. लग्नात मी एफ ८ ला वधूवरांपासून मागच्या आत्याबाईंपर्यंत सगळ्यांना शार्प आणतो. इथे तोच आकडा माशीच्या एका डोळ्यालाही पुरत नाही.

मग तुम्ही म्हणाल, एफ २२ करतो. करून बघा. सगळंच किंचित मऊ होईल, साय धरल्यासारखं. इतक्या जवळून लेन्सचं छिद्र प्रत्यक्षात दुपटीने बारीक झाल्यासारखं वागतं, एफ २२ चं एफ ४४ होतं, आणि एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. मी एफ ११ च्या पुढे सहसा जात नाही.

म्हणजे जाडी वाढवता येत नाही. तेव्हा तो एक मिलिमीटर कुठे खर्च करायचा ते आपण ठरवायचं. चतुर, त्याची सडपातळ बहीण टाचणी, पंख मिटून बसलेलं फुलपाखरू यांना बाजूने घ्या आणि कॅमेऱ्याची पाठ पंखाला अगदी समांतर ठेवा, भिंतीवर फोटो टांगतो तशी. मग पूर्ण पंख त्या एका पातळीत येतो. समोरून चेहरा घेणार असाल तर डोळे घ्या आणि बाकीचं सोडून द्या. पाय धूसर गेले तर जाऊ देत. डोळा धूसर असलेला फोटो मात्र मी ठेवत नाही.

ऑटोफोकस बंद करा. लेन्स एका अंतरावर लावून ठेवा आणि स्वतः पुढे-मागे व्हा. श्वास सोडताना शरीर आपोआप केसभर पुढे जातं, त्या जाण्यात डोळा स्पष्ट होतो तो क्षण पकडायचा. एका श्वासात तीन फोटो. दहातले नऊ वाया जातात म्हणता? माझे सतरा वर्षांनंतरही विसातले अठरा जातात. फिल्मच्या काळात हे वेड लागलं असतं तर स्टुडिओ विकावा लागला असता.

आता रिंग लाइट. त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमचे पैसे तिथे वाया गेलेत. भुंग्याची पाठ म्हणजे घासलेलं भांडं. समोर जे असेल ते तिच्यात दिसतं. रिंग लाइट लावून काढलेला, पत्रासोबतचा तुमचा तो ढालकिड्याचा फोटो बघा, पाठीवर पांढरी बांगडी ठेवल्यासारखी दिसतेय. नुसता फ्लॅश मारलात तर बांगडीच्या जागी टिकली येईल. उपाय एकच : प्रकाश येणारी जागा किड्याच्या मानाने प्रचंड मोठी करायची. आम्ही नवरीच्या चेहऱ्यावर सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यापुढे पांढरा पडदा असलेली मोठी पेटी, लावतो ती याचसाठी.

माझा सॉफ्टबॉक्स आइस्क्रीमच्या फॅमिली पॅकचा पांढरा डबा आहे. तळाला लेन्स जाईल एवढं भोक, वरच्या बाजूने फ्लॅशचं तोंड आत, आणि समोर खाली झुकलेला बटर पेपरचा दुहेरी पडदा, चिकटपट्टीने लावलेला. पडदा किड्यापासून वीतभरसुद्धा लांब नसतो. एवढा जवळ आणला की इवल्या भुंग्याला तो ढगाळ आभाळाएवढा मोठा वाटतो आणि पाठीवर टिकलीऐवजी मऊ पांढरी झळाळी येते. पावसात बटर पेपर भिजतो, म्हणून खिशात दोन जादा तुकडे. फ्लॅशची ताकद एक सोळांश ठेवली की त्याचा झगमगाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. हाताचा कंप, वाऱ्याने हलणारं पान, सगळं त्यात गोठतं. ट्रायपॉड घरी राहिला तरी चालतं.

फ्लॅशने मागचं सगळं काळं पडतं, दिवसासुद्धा रात्र वाटते. कुणाला ते आवडतं. मला श्राद्धाच्या फोटोसारखं दिसतं. किड्याच्या मागे हातभर अंतराच्या आत एखादं पान असेल असा कोन शोधा, पार्श्वभूमी हिरवी येईल.

मॉडेल म्हणून उडी मारणारा कोळी घ्या. घराच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत असतो, जाळं विणून बसत नाही. आठ डोळे, त्यातले पुढचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. तुम्ही डावीकडे सरकलात की तोही वळून तुमच्याकडे बघतो. त्या मोठ्या डोळ्यांची भिंगं जागची हलत नाहीत, आतला पडदा मात्र हलतो, त्यामुळे बघता बघता डोळ्याचा रंग फिकट-गडद होताना दिसतो. लेन्सकडे इतकं टक लावून बघणारी करवलीसुद्धा मला भेटलेली नाही.

प्रश्न : माझे एक मित्र किडे पकडून फ्रिजमध्ये ठेवतात. गारठलेला किडा दहा मिनिटं हलत नाही, तेवढ्यात फोटो काढतात आणि मग सोडून देतात. फोटो सुरेख असतात. हे योग्य आहे का? (निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

मी हे केलेलं आहे. म्हणून सांगतो, नका करू.

बेशरमीच्या आणि रताळ्याच्या पानांवर कासवासारख्या पारदर्शक ढालीचा एक छोटा भुंगा असतो. पाठ अस्सल सोन्याची वाटते, सराफाकडच्या पेटीतली. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी औषधाच्या बाटलीत घालून घरी आणला आणि तुमच्या मित्रांसारखंच पंधरा मिनिटांसाठी म्हणून फ्रिजमध्ये ठेवला. तेवढ्यात एका साखरपुड्याच्या अल्बमसाठी गिऱ्हाईक आलं. बाटली आठवली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, बायकोने दुधाच्या पातेल्यामागून काढून समोर धरली तेव्हा. आत एक मळकट तपकिरी टिकली होती. सोनं नाहीसं झालं होतं. त्याची चमक रंगाची नसतेच. ढालीच्या पातळ थरांमध्ये ओलावा असतो आणि त्यावरून प्रकाश परावर्तित होतो. भुंगा मेला, ओलावा आटला की सोन्याची माती होते.

तुमचे मित्र पंधरा मिनिटांत आठवणीने सोडत असतील. तरीही त्यांचे फोटो पुन्हा बघा. गारठलेल्या किड्याच्या मिशा लोंबतात, पाय पोटाखाली आक्रसतात. ज्याने बागेत किडे बघितलेत त्याला ते लगेच कळतं. शिवाय फुलपाखरं पकडून घरी नेताना कायदाही लक्षात असू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत वाघ-बिबट्यांबरोबर कितीतरी फुलपाखरंही आहेत.

गार किडाच हवा असेल तर निसर्गाचा फ्रिज वापरा. मार्गशीर्ष-पौषात पहाटे सहाला पाणवठ्याकाठच्या गवतात जा. चतुर आणि टाचण्या रात्रभर काडीला धरून लटकलेल्या असतात, अंगावर दवाचे मणी. ऊन अंगावर येऊन ते तापेपर्यंत उडू शकत नाहीत. तुम्हाला अर्धा-पाऊण तास मिळतो. सांगलीला कृष्णाकाठ आहेच, आणि निवृत्त माणसाला पहाटे उठायला कोण अडवतंय?

प्रश्न : शाळेच्या आवारातल्या आंब्यावर हुमले खूप आहेत. मुलांबरोबर फोटो काढताना एक हुमला वेगळाच सापडला. पळण्याची ढब निराळी आणि पानावरून खाली पडताना तो धाग्याला लटकला! फोटो सोबत पाठवते आहे. (एक शिक्षिका, फोंडा, गोवा)

बाई, तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो. तुमच्याकडे हुमले म्हणतात ते आमच्याकडचे ओंबील. आंब्याची पानं शिवून घर करणारे तांबडे डोंगळे. हा तुमचा हुमला त्यांच्यातला नाहीच. पाय मोजा. आठ आहेत.

हा मुंगीचं सोंग घेतलेला उड्या मारणारा कोळी. मुंगीला सहा पाय आणि दोन मिशा. याला मिशा नाहीत, म्हणून पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे हलवत फिरतो. अंगाला मध्येच अशी चिमट आहे की एकाचे दोन तुकडे वाटावेत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके आहेत, ते मुंगीच्या डोळ्यांची नक्कल. खरे डोळे पुढे आहेत, तुमच्या फोटोत अंधूक का होईना दिसतात. ओंबील चावतात, पक्षीही त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत, त्यांचा दरारा हा फुकटात वापरतो. गंमत म्हणजे स्वतः मात्र त्यांच्यापासून चार हात लांब राहतो, कारण त्यांनी ओळखलं तर खैर नाही. धाग्यावर लटकला तिथे सोंग उघडं पडलं. मुंगीला धागा सोडता येत नाही. ओंबिलांच्या घराला रेशीम लागतं तेही त्या आपल्या अळ्या तोंडात धरून त्यांच्याकडून काढून घेतात, एखादी डिंकाची नळी फिरवावी तशा.

पुढच्या वेळी नर शोधा. त्याचे जबडे पुढे इतके लांब आलेले असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असं वाटतं. आणि मुलांना झाडाला टेकून उभं राहू देऊ नका. मी एकदा टेकलो होतो. शर्ट रस्त्यातच काढावा लागला.

प्रश्न : मृगाच्या किड्याचा फोटो काढला तर लाल डाग येतो. मखमल दिसतच नाही. (एक शेतकरी, आर्वी, जि. वर्धा)

दोष तुमच्या काळ्या मातीचा आहे. कॅमेऱ्याला वाटतं समोर अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि लाल रंग ओसंडून जातो. उणे एक, जमलं तर उणे सव्वापर्यंत एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप, कमी करा. माती काळीच दिसू दे. ढगाळ हवेत काढा, एकेक केस दिसेल. हाही कीटक नव्हे, मोठ्यांना पाय आठ. बाळपणी सहाच असतात, आणि तेव्हा तो दुसऱ्या किड्यांच्या अंगावर चिकटून जगतो. हात लावलात की पाय आखडून घेतो. मग ज्वारीची छोटी पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा, आडवे व्हा आणि तो पुन्हा चालायला लागेपर्यंत थांबा. पहिल्या पावसानंतरचे थोडेच दिवस तो वर येतो, तेव्हा मृग लागायच्या आत सराव लाल मखमलीच्या तुकड्यावर करून ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागली. तांदळाच्या डब्यात ठेवली होती. (एक वाचक, राजापूर)

तांदूळ काढा आणि भात करा. त्याने ओलावा फारसा जात नाही, उलट पिठी आत शिरते. चामड्याच्या पाकिटातही ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. रबराची कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि दोनेकशे रुपयांचा आर्द्रतेचा काटा. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान हवा. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येतात, पण घरातल्या तव्यावर नको, त्यांत कोबाल्ट असतं. लागलेली बुरशी आतल्या काचेवर असेल तर कारागिराकडेच द्या, आणि ती लेन्स तोवर बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

या डब्यावर माझी श्रद्धा का आहे ते सांगतो. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझा स्टुडिओ तळमजल्यावर होता. संगणक, प्रिंटर, लोकांचे न नेलेले अल्बम, सगळं चिखलात गेलं. तिसऱ्या दिवशी शटर उचललं तर मॅक्रो लेन्सचा डबा वरच्या पोटमाळ्याच्या कडेला अडकून बसला होता. पाण्याबरोबर तरंगत वर गेला आणि पाणी उतरलं तेव्हा तिथेच राहिला. आतली लेन्स कोरडी होती. गेल्या अंकातला नाकतोडा तिनेच काढलाय.

प्रश्न : काजव्यांचे फोटो मॅक्रो लेन्सने निघतील का? (तीन वाचकांनी विचारलं आहे)

लखलखाट हवा असेल तर नाही. त्याला ट्रायपॉड, रुंद दृश्य टिपणारी लेन्स आणि तीस-तीस सेकंदांचे बरेच फोटो लागतात, ते नंतर एकावर एक चढवायचे. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी इथे गर्दी होते. गेलात तर बॅटरी बंद ठेवा, मोबाइलचीसुद्धा. नर चमकून मादीला हाक देत असतो. तुमच्या उजेडात त्याची हाक बुडते.

उरलेल्या पत्रांना पुढच्या अंकात. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की माझे मुहूर्त सुरू होतील आणि उत्तरं उशिरा येतील, तेव्हा प्रश्न दिवाळीच्या आत पाठवा. फोटो पाठवताना मूळ आकारात पाठवा आणि किडा कुठल्या झाडावर होता ते लिहा. ज्यांनी नुसतंच ‘झाडावर’ असं लिहिलंय त्यांचे नऊ फोटो माझ्या टेबलावर तसेच पडून आहेत.